ढालीचा हिशेब

बऱ्हाणपुराच्या उत्तरेस सहा-सात कोसांवर, सातपुड्याच्या रांगेत जो असीरगड उभा आहे, आणि ज्याला दख्खनचा दरवाजा असे नामाभिधान पूर्वापार मिळालेले आहे, तो आज मध्य प्रदेशात मोडत असला तरी फारुकी सुलतानांच्या खानदेशचा तो प्राण होता. असीरगड, कमरगड आणि मलयगड अशी एकाखाली एक तीन स्वतंत्र आवरणे त्याला आहेत. इतका बंदोबस्त असूनही हा गड इतिहासात निदान तीन वेळा परक्याच्या हाती गेला, आणि तिन्ही वेळा निरनिराळ्या रीतीने गेला. पहिल्या वेळी, फरिश्त्याने नमूद केलेल्या हकीकतीप्रमाणे, नासिर खान फारुकीने गडाचा धनी आसा अहीर याच्याकडे आपल्या जनान्यासाठी आश्रय मागितला आणि पडदे सोडलेल्या डोल्यांतून हत्यारबंद शिपाई आत उतरवले. दुसऱ्या वेळी अकबराच्या फौजेचा वेढा महिनोन्महिने चालला, आतली शिबंदी रोगराईने खचली आणि जानेवारी १६०१ मध्ये गड मोगलांच्या स्वाधीन झाला. तिसऱ्या वेळी, एप्रिल १८१९ मध्ये, इंग्रजांच्या तोफांपुढे किल्लेदाराला शरण यावे लागले.

तट तोच होता, उंचीही तीच होती. परंतु जो तट शिडी लावून चढणाऱ्याला अडवतो तो डोलीत बसून येणाऱ्याला अडवत नाही, आणि दोघांनाही अडवणारा तट रोगाच्या साथीपुढे निरुपयोगी ठरतो. म्हणून संरक्षणाचा विचार करणाऱ्याने ‘किती मजबूत?’ हा प्रश्न मागाहून विचारावा. आधी विचारावयाचे ते असे की हे संरक्षण नेमके कशापासून आहे, आणि ते मिळवण्यासाठी आपण कशाचा त्याग केला आहे. किल्ल्यांचे युग संपले, तथापि हे दोन प्रश्न संपलेले नाहीत. आणि आश्चर्याची गोष्ट अशी की आज ते प्रश्न अत्यंत काटेकोर गणिताच्या रूपाने जेथे रोज सोडवले जातात ती जागा म्हणजे लष्करी विद्यालय नव्हे, तर आपल्या घरातील मुलांच्या हातातला मोबाइल किंवा टेबलावरचा संगणक होय.

धुळ्यात पांझरा ओलांडून एकवीरा देवीच्या देवळावरून देवपुरात शिरावे, म्हणजे महाविद्यालये, शिकवण्या आणि भाड्याच्या खोल्यांतून राहणारे विद्यार्थी यांनी गजबजलेली वस्ती लागते. या वस्तीत संध्याकाळी एखाद्या ओट्यावर चार तरुण आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून बसलेले दिसतात आणि मधूनच ‘भो, तू मागं सरक, मी टँक करतो’ किंवा ‘हील दे लवकर’ असे उद्गार ऐकू येतात. वडीलधाऱ्यांना ही भाषा अनोळखी असते, आणि अनोळखी भाषेबद्दल आपले मत बहुधा प्रतिकूलच होते. या उद्गारांमागे जी विचारपद्धती आहे ती समजून घेतल्यावर मत प्रतिकूल ठेवावयाचे की अनुकूल, हे वाचकाने ठरवावे. ती समजावून देणे एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

ज्यांना ऑनलाइन भूमिका-खेळ म्हणता येईल अशा या खेळांत खेळणारा एक पात्र धारण करतो, त्या पात्रासाठी एक पेशा निवडतो, आणि इंटरनेटच्या द्वारे एकाच कल्पित मुलखात हजारो इतर खेळाडूंसमवेत वावरतो. योद्धा, धनुर्धर, मांत्रिक, उपचारक असे हे पेशे असतात. या साऱ्या खेळांचे मूळ पुरुष म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळावयाचा खेळ होय. पुढे १९७८ मध्ये इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी अनेकांनी मिळून संगणकावर खेळावयाचा पहिला ‘मड’ रचला. १९९७ चा ‘अल्टिमा ऑनलाइन’, १९९९ चा ‘एव्हरक्वेस्ट’ आणि २००४ चा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हे याच वंशवृक्षाचे पुढचे फाटे.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये चिलखताची कल्पना मोठी चमत्कारिक होती. तेथे चिलखत घातल्याने बसलेला घाव सौम्य होत नसे. घाव बसण्याची शक्यताच कमी होत असे. हल्ला करणाऱ्याने वीस बाजूंचा फासा टाकावा, आणि समोरच्याच्या चिलखताच्या वर्गानुसार ठरलेली किंवा तिच्याहून मोठी संख्या पडली तरच घाव लागू व्हावा, एरवी तो वाया जावा. म्हणजे चिलखतावरून घसरलेला वार आणि अंग चोरल्यामुळे हुकलेला वार यांची नोंद एकाच रकान्यात होत असे. कागदावर खेळताना ही सोय उत्तम होती. परंतु संगणकाला हिशेबाचा कंटाळा नसल्यामुळे पुढील रचनाकारांनी हा एक रकाना फोडून त्याचे अनेक रकाने केले, आणि तेथूनच निरनिराळ्या पेशांना निरनिराळे संरक्षण देण्याची किल्ली त्यांच्या हाती आली.

आजच्या बहुतेक खेळांत एक घाव शत्रूच्या शस्त्रापासून निघून आपल्या पात्राच्या प्राणांकापर्यंत, म्हणजे त्याची उरलेली जीवनशक्ती दाखवणाऱ्या आकड्यापर्यंत, पोचेतो त्याला चार देवड्या ओलांडाव्या लागतात. पहिल्या देवडीवर दोघांच्या कौशल्याची तुलना होऊन वार मुळात नेमका पडला की नाही हे ठरते. दुसऱ्या देवडीवर पात्र तो वार अंग काढून चुकवते, आपल्या शस्त्राने परतवते किंवा ढालीवर झेलते. यांनाच खेळाडू अनुक्रमे डॉज, पॅरी आणि ब्लॉक म्हणतात. तिसऱ्या देवडीवर अंगावरचे चिलखत, म्हणजे आर्मर, उरलेल्या माराचा काही हिस्सा खाऊन टाकते. एवढ्यातूनही जो मार आत येतो तो प्राणांकातून वजा होतो आणि तेथे चौथा पहारेकरी, म्हणजे सोबतचा उपचारक, झालेली हानी भरून काढीत असतो. यांशिवाय एक आडवाट असते. भोवळ आणणे, खाली पाडणे, आंधळे करणे यांसारखे आघात प्राणांकाला हातच लावीत नाहीत. ते पात्राला काही क्षण निष्क्रिय करतात, आणि निष्क्रिय झालेला वीर कितीही जाड चिलखत घालून उभा असला तरी त्याचा उपयोग शून्य होतो. या आडवाटेसाठी वेगळा बंदोबस्त ठेवावा लागतो, आणि नवशिका खेळाडू नेमका तेथेच गाफील सापडतो.

या चार देवड्यांपैकी दुसरी आणि तिसरी यांचा स्वभाव मूलतः भिन्न आहे. चुकवण्याचे संरक्षण बहुतांशी नशिबाधीन असते. लागोपाठ पाच वार हुकले तर पात्र अजिंक्य वाटते आणि पुढचे तीन वार लागोपाठ बसले तर ते धराशायी होते. चिलखताचे संरक्षण प्रत्येक वाराला सारखेच आणि थोडेथोडे मिळते. त्यात चमत्कार नाही, पण दगाही नाही. उपचारकाच्या दृष्टीने पाहिले तर चिलखताचा प्रकार अधिक सोयीचा, कारण नियमित होणारी हानी नियमित भरून काढता येते. अकस्मात कोसळणाऱ्या हानीपुढे मात्र त्याची धांदल उडते. म्हणून जाणते खेळाडू सरासरीवर समाधान मानीत नाहीत. सर्वांत वाईट तीन क्षणांत आपण तग धरू काय, हा हिशेब ते आधी करतात.

चिलखताच्या हिशेबात एक गैरसमज इतका रूढ आहे की त्याचे निरसन येथे केले पाहिजे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या मूळ आवृत्तीत साठाव्या पायरीवरच्या, म्हणजे लेव्हलच्या, शत्रूशी लढताना चिलखताचे अंक भागिले चिलखताचे अंक अधिक ५,५०० हे सूत्र लागू असे. ५,५०० अंकांचे चिलखत असेल तर निम्मा मार कमी होई. ते दुप्पट, म्हणजे ११,००० केले तर दोन तृतीयांश. तिप्पट, म्हणजे १६,५०० केले तर पाऊण. आणि पाऊण ही त्या खेळाने घातलेली कमाल मर्यादा. पहिल्या ५,५०० अंकांनी ५० टक्के मिळवून दिले, दुसऱ्यांनी सुमारे १७ आणि तिसऱ्यांनी जेमतेम ८. तेव्हा पुढे पुढे चिलखत घेणे हा तोट्याचा सौदा आहे, असे कोणालाही वाटेल. परंतु टक्के बाजूला ठेवून असा प्रश्न विचारावा की १,००० प्राणांकांचे पात्र मरेपर्यंत शत्रूला एकूण किती मार द्यावा लागेल. चिलखत नसताना १,०००, पहिल्या टप्प्यावर २,०००, दुसऱ्यावर ३,०००, तिसऱ्यावर ४,०००. प्रत्येक टप्प्याने सारखीच भर घातली आहे. देवपुरातल्या ज्या मुलाला अंकगणिताच्या तासाला अपूर्णांक नकोसे वाटतात, तो मुलगा खेळात मात्र हा व्यस्त प्रमाणाचा व्यवहार तोंडी करतो, ही गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

आता पेशांकडे वळू. याच खेळात मोठ्या राक्षसापुढे उभे राहून मार खाण्याचे काम तीन पेशांना करता येत असे: योद्धा, म्हणजे वॉरियर; धर्मवीर, म्हणजे पॅलाडिन; आणि अस्वलाचे रूप घेणारा वनयोगी, म्हणजे ड्रुइड. तिघांचे काम एकच, परंतु तिघांच्या संरक्षणाची घडण वेगळी होती, आणि ती समजण्यासाठी त्या खेळातील फाशाची रीत कळली पाहिजे. शत्रूचा प्रत्येक वार पडताना संगणक शंभरापैकी एक अंक काढी, आणि तो अंक कोणत्या घरात पडतो यावरून निकाल लागे. वार हुकणे, चुकवणे, परतवणे, ढालीवर झेलणे, दुप्पट मार देणारा मर्मघात, दीडपट मार देणारा चिरडघात आणि शेवटी साधा वार, अशी ती घरे क्रमाने मांडलेली असत. एकूण जागा शंभरच असल्यामुळे आधीच्या घरांनी पाय पसरले की मागच्या घरांना जागाच उरत नसे. योद्धा ढाल उचलून झेलण्याचे घर काही क्षण इतके रुंद करी की चिरडघाताला त्या तक्त्यात स्थानच राहत नसे. धर्मवीर हाच परिणाम आपल्या पवित्र ढालीच्या मंत्राने साधत असे. अस्वलाला मात्र ना ढाल, ना शस्त्राने परतवण्याची सोय. चिरडघात त्याला सोसावाच लागे, आणि त्याची भरपाई खेळाने त्याला दांडगे चिलखत, अधिक प्राणांक व अंग चुकवण्याची चपळाई देऊन केलेली होती.

याच खेळात ‘डिफेन्स’ नावाचे एक स्वतंत्र कौशल्यही होते, आणि त्याचा हिशेब तर एखाद्या जमाबंदीच्या दफ्तराला शोभेल असा होता. त्या कौशल्याच्या प्रत्येक अंकाने मर्मघाताची शक्यता ०.०४ टक्क्याने घटे. मोठ्या राक्षसाचा मर्मघात बसण्याची शक्यता ५.६ टक्के, ती शून्यावर आणावयाची तर ५.६ ला ०.०४ ने भागून येणारे १४० अंक जादा हवेत. पात्राचे मूळ कौशल्य साठाव्या पायरीवर ३०० असे, म्हणून ४४० हा आकडा अग्रभागी उभे राहणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असे. खेळाच्या पुढील विस्तारांत पायऱ्या वाढल्या तसा तो ४९० आणि मग ५४० झाला. ४९० च्या काळात अस्वलाला मात्र ४१५ पुरत, कारण त्याच्या पेशातील एका गुणाने मर्मघाताची शक्यता ३ टक्क्यांनी आधीच घटवलेली असे आणि उरलेल्या २.६ टक्क्यांसाठी १४० ऐवजी ६५ अंकच जादा लागत. आकडा गाठण्यापूर्वी पुढे होणे म्हणजे सोबत्यांना संकटात लोटणे, असा त्या समाजाचा दंडक होता. मात्र ज्या अटीचे उत्तर प्रत्येकासाठी एकच आहे ती अट निवड राहत नाही, केवळ प्रवेश-परवाना बनते. २०१० मध्ये रचनाकारांनी ते कौशल्य रद्द केले आणि त्याचे काम पेशाच्या अंगभूत गुणांकडे सोपवले.

२००५ साली आलेल्या ‘गिल्ड वॉर्स’ या खेळाने याहून सुबक मार्ग काढला. तेथे चिलखताचे अंक ४० ने वाढले की मार निम्मा होतो, असा एकच नियम. मांत्रिकाचे चिलखत ६०, धनुर्धराचे ७०, योद्ध्याचे ८०. परंतु योद्ध्याला शस्त्राच्या माराविरुद्ध आणखी २० मिळतात, आणि धनुर्धराला अग्नी, हिम, वीज यांसारख्या निसर्गशक्तींविरुद्ध ३०. परिणामी तलवारीपुढे योद्धा मांत्रिकाच्या निम्माच मार खातो, पण अग्नीच्या वर्षावात त्याला मांत्रिकाच्या सुमारे ७१ टक्के सोसावे लागतात. उलट धनुर्धर अग्नीत निम्म्यावर सुटतो आणि तलवारीपुढे सुमारे ८४ टक्के सोसतो. कोण अधिक सुरक्षित, या प्रश्नाला येथे उत्तर नाही. समोर कोण उभा आहे हे कळल्याखेरीज तो प्रश्नच अपुरा राहतो. शिवाय या खेळात प्रत्येकाला आपल्या मुख्य पेशाच्या जोडीला एक दुय्यम पेशा घेण्याची मुभा आहे. पण लढाईत बरोबर नेता येतात ती कौशल्ये फक्त आठ, आणि वार अडवण्याचे किंवा चुकवण्याचे जे विशिष्ट पवित्रे आहेत त्यांपैकी एका वेळी एकच लागू राहतो. दुसरा घेतला की पहिला सुटतो. संरक्षणाची कौशल्ये भरपूर घ्यावीत तर आठ जागांत प्रहाराला जागा उरत नाही, आणि नुसता प्रहार घ्यावा तर पहिल्याच चकमकीत मरण ओढवते. त्याच खेळातील उपचारकाची एक संरक्षक प्रार्थना तर विशेष लक्षात राहण्यासारखी आहे: ती लागू असेपर्यंत कोणताही एक घाव पात्राच्या एकूण प्राणांकाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक हानी करू शकत नाही. प्रचंड एकेक घावापुढे ती संजीवनी ठरते, आणि बारीकसारीक शेकडो घावांपुढे तिचा काहीच उपयोग होत नाही.

संरक्षणाची किंमत घेण्यास खेळ विसरला म्हणजे काय घडते, याचे उदाहरण जून २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार वॉर्स गॅलॅक्सीज’ने घालून दिले. त्या खेळात पात्राला २५० कौशल्यगुण मिळत आणि त्यांतून त्याने अनेक पेशांतील विद्या पायरीपायरीने हव्या तशा विकत घ्याव्यात, अशी उदार व्यवस्था होती. एकहाती तलवार, दुहाती तलवार, भाला व निःशस्त्र मल्लविद्या हे जवळच्या लढाईचे पेशे. पिस्तूल, कार्बाइन व रायफल हे दुरून मारा करणाऱ्यांचे. संरक्षणाचे दोन थर होते. वरचा थर हातातील शस्त्राशी बांधलेला: एकहाती तलवार व पिस्तूल यांना चुकवण्याची विद्या, दुहाती तलवार व कार्बाइन यांना प्रतिघाताची, भाला व रायफल यांना अडवण्याची. हा थर न्याय्य होता, कारण जे शस्त्र हाती आहे तेवढीच विद्या कामास येई. परंतु जवळचे वार व दूरचे वार मुळातच हुकवणारा जो पायाभूत थर होता, तो कोणत्याही शस्त्राशी बांधलेला नव्हता. चार पेशांतून गोळा केलेले त्याचे अंक सरसकट एकत्र जमा होत. साहजिकच चतुर खेळाडूंनी भालाईताचे चार धडे आणि मल्लाचे चार धडे केवळ त्या अंकांसाठी शिकून घेतले. भाला त्यांनी कधी हाती धरला नाही की मल्लयुद्ध केले नाही, पण हाती रायफल घेऊन ते असे उभे राहिले की त्यांना वार लागेना. या साठेबाजीला खेळाडू डिफेन्स स्टॅकिंग म्हणत. पेशांची विविधता नावापुरती उरली, आणि शहाण्या माणसाने घ्यावयाची पात्रे एकाच मुशीतून निघू लागली.

रचनाकारांनी एप्रिल २००५ मध्ये लढाईची सगळी घडी मोडून नवी बसवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तीही मोडून पेशांची संख्या ९ वर आणली. रोगाहून औषध उग्र झाले, आणि ज्यांनी वर्षानुवर्षे आपले पात्र कौशल्याने घडवले होते असे असंख्य खेळाडू दुखावून निघून गेले. १५ डिसेंबर २०११ रोजी तो खेळ बंद झाला. या घटनेचा सगळा दोष संरक्षणाच्या हिशेबावर टाकणे अन्यायाचे होईल. पण जे संरक्षण मिळवताना काहीही सोडावे लागत नाही ते अखेरीस सर्वांची निवड एकसारखी करून टाकते, एवढा निष्कर्ष त्यातून खात्रीने निघतो.

प्रत्यक्षातील शस्त्रविद्येने ही किंमत कधीच माफ केलेली नाही. आपल्याकडील मर्दानी खेळांत फरी-गदका शिकणाऱ्याला प्रथम कळते ते हे की फरी, म्हणजे छोटी ढाल, धरलेला हात वारासाठी मोकळा राहत नाही. दांडपट्ट्याच्या खोबळ्यात हात घातला की कोपरापर्यंत संरक्षण मिळते, पण मनगट वळवण्याची मुभा जाते, आणि म्हणून पट्टेकऱ्याला सारे अंगच फिरवावे लागते. मराठ्यांच्या हलक्या घोडदळाने, मग तो सरकारी घोड्यावरचा बारगीर असो की स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार, जड लोखंडी साजाचा मोह टाळून वेगाचा आश्रय केला; खेळाच्या परिभाषेत बोलावयाचे तर त्यांनी तिसरी देवडी सोडून पहिली व दुसरी बळकट केली. उलट १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी, जेथे पळण्यास व अंग चुकवण्यास जागाच नव्हती अशा मिठीच्या प्रसंगी, शिवछत्रपतींनी अंगरख्याखाली चिलखत चढवले होते, आणि कट्यारीचा वार त्यावरच थांबला. पाठोपाठ शत्रूच्या अंगरक्षकाने, सय्यद बंडाने, उगारलेला हात मात्र चिलखताने नव्हे, जिवा महालाने अडवला. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ या म्हणीत महाराष्ट्राने संरक्षणाचा जो पाचवा प्रकार नोंदवून ठेवला आहे, तो म्हणजे दुसऱ्याचे संरक्षण.

ऑनलाइन खेळांतील सामूहिक मोहिमा याच पाचव्या प्रकारावर उभ्या असतात. पाच, दहा किंवा चाळीस खेळाडू एकत्र निघाले की कामाची वाटणी होते: एकाने पुढे राहून शत्रूचे लक्ष आपल्यावर खिळवावे, काहींनी उपचार करावेत, उरलेल्यांनी प्रहार करावा. पुढे राहणारा तो टँक. त्याची ढाल व चिलखत तोपर्यंतच उपयोगाची, जोवर शत्रू त्याच्याकडे वळलेला आहे. म्हणून शत्रूला डिवचून स्वतःवर ओढवून घेण्याची विद्या हेच त्याचे पहिले संरक्षण-कौशल्य समजले जाते. राक्षसाला पाठ दाखवून चालत नाही, कारण वॉरक्राफ्टमध्ये मागून आलेला वार पात्राला चुकवताही येत नाही व झेलताही येत नाही. त्याला राक्षसाचे तोंड सोबत्यांपासून दुसरीकडे वळवून धरावे लागते. उपचारकाचे सामर्थ्य संपत आले की आपले राखून ठेवलेले उपाय कोणत्या क्रमाने खर्ची घालावयाचे, हेही त्यालाच ठरवावे लागते. पडद्यावर सर्वांत कमी पराक्रम त्याच्या नावावर दिसतो आणि मोहीम फसली तर सर्वांत आधी बोल त्यालाच लागतो. देवपुरातील त्या ओट्यावर ‘मी टँक करतो’ असे म्हणणारा मुलगा या अर्थाने एक जबाबदारी स्वीकारीत असतो.

तेव्हा या खेळांत नव्याने उतरणाऱ्याने काय करावे? पेशा निवडताना त्याच्या वर्णनातील शौर्याच्या विशेषणांपेक्षा त्याचे संरक्षण कोणत्या देवडीवर उभे आहे ते पाहावे. चुकवण्यावर उभे असेल तर हातपाय चपळ व मन दुर्दैव सोसणारे हवे. चिलखतावर असेल तर उपचारकाशी मैत्री हवी. मंत्रावर असेल तर वेळेचे भान हवे. कोणतेही एक कौशल्य कमाल मर्यादेपर्यंत वाढवण्याआधी दुसऱ्या बाजूला भगदाड तर राहिले नाही ना, आणि भोवळ आणणाऱ्या किंवा खाली पाडणाऱ्या आघातांवर आपल्याजवळ काय तोड आहे, हे तपासावे. बाकी तपशील प्रत्येक खेळागणिक व प्रत्येक दुरुस्तीगणिक बदलत राहतो. तो पाठ करण्यात अर्थ नाही.

पालकांसाठी मात्र एक स्वतंत्र कसोटी सांगणे अगत्याचे आहे. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. येथे वर्णिलेले भूमिका-खेळ त्या जुगारात मोडत नाहीत. परंतु मोबाइलवरील पुष्कळ भूमिका-खेळांत स्वतःचे एक दुकान असते, आणि त्या दुकानात कधी नुसता पोशाख विकला जातो, तर कधी ढाल, चिलखत आणि प्राणांकच विकले जातात. पोशाखाचे दोन पैसे ही हौस झाली, तिचा निर्णय ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे करावा. संरक्षणच रुपये मोजून मिळू लागले म्हणजे मात्र निवड, त्याग आणि सहकार्य या तिन्हींची जागा बापाच्या खिशाने घेतलेली असते, आणि ज्या हिशेबापायी हा खेळ बुद्धीचा म्हणावयाचा तो हिशेबच तेथे नाहीसा होतो. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये ‘राजी’ हा भारतीय पुराणकल्पनांवर रचलेला खेळ जगापुढे आणून खेळ घडवण्याचे कसब महाराष्ट्रातही आहे हे सिद्ध केले आहे; पुढे येणाऱ्या आपल्या रचनाकारांनी हे दुकान आपल्या खेळात थाटू नये, एवढी त्यांना विनंती. आणि पालकांनी मुलाच्या हातून मोबाइल हिसकावण्यापूर्वी त्याच्याजवळ पाच मिनिटे बसून त्याच्या पात्राचे संरक्षण त्याने कशाच्या मोबदल्यात मिळवले आहे, एवढे विचारावे. उत्तरात त्याने सोडून दिलेली कौशल्ये सांगितली तर त्याला अभ्यास सांभाळून खुशाल खेळू द्यावे. उत्तरात रुपयांचा आकडा आला तर तो खेळ त्याच दिवशी बंद करावा.